क्रियापदाची सोबत

‘मुलाचे शब्द पाठ आहेत, अर्थही सांगतो, पण एक वाक्य धड लिहितां येत नाहीं,’ ही तक्रार घेऊन दरवर्षीं कित्येक पालक आमच्याकडे येतात. तक्रार खरी आहे. तिचें कारण मात्र ते समजतात तें नव्हे. मुलाची बुद्धि मंद आहे, किंवा मराठी शाळेंत घातल्यामुळें त्याचें इंग्रजी बिघडलें, असा त्यांचा समज असतो. माझ्या मतें हे दोन्ही समज चुकीचे आहेत; आणि ते कां चुकीचे आहेत हें सांगण्यासाठींच मीं ह्या अंकांत थोडी जागा मागून घेतली आहे. विषय इंग्रजी क्रियापदांचा आहे. तो रुक्ष आहे म्हणून विद्यार्थी मित्रांनीं लगेच पान उलटूं नये. आरंभीं मी माझीच एक चूक सांगणार आहें, आणि शिक्षकाची चूक ऐकावयास कोणता विद्यार्थी नाखूष असतो?

गोष्ट गेल्या पावसाळ्यांतील आहे. रोवणीचे दिवस होते. ह्या दिवसांत वर्गांतील बांकें कशीं रिकामीं पडतात, हें सिहोऱ्याच्या लोकांस निराळें सांगावयास नको. नववींतील एक मुलगी आठ दिवस गैरहजर होती. परत येतांच तिनें मला रजेचा अर्ज दिला. इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून तो तिनें आपण होऊन इंग्रजींत लिहिला होता. त्यांतील मुख्य वाक्य असें होतें: ‘माय फादर मेड मी टु स्टे ॲट होम फॉर द ट्रान्सप्लांटिंग.’ मीं तांबडी शाई घेतली, ‘टु’ ह्या शब्दावर काट मारली, समासांत ‘मेकच्या पुढें टु येत नाहीं’ असा नियम लिहिला आणि कागद तिला परत केला. आपलें कर्तव्य झालें असें मला वाटलें.

संध्याकाळीं वह्या तपासतांना तें वाक्य एकाएकीं आठवलें, आणि लक्षांत आलें कीं, त्यांतील ‘टु’ मीं पाहिला होता, पण ‘मेड’ हा शब्द वाचलाच नव्हता. ‘लेट मी स्टे’ असें तिनें लिहिलें असतें, तर ‘वडिलांनीं मला घरीं राहूं दिलें’ असा अर्थ झाला असता. ‘आस्क्ट मी टु स्टे’ असें लिहिलें असतें, तर ‘राहण्याची विनंति केली’ असा झाला असता. ‘टोल्ड मी टु स्टे’ म्हणजे ‘राहावयास सांगितलें’. पण तिनें ‘मेड’ लिहिलें होतें. म्हणजे वडिलांनीं तिला घरीं राहावयास लावलें. तिच्या मनांत नसतां लावलें.

दुसऱ्या दिवशीं मीं तिला बाजूला बोलावून विचारलें, “तुला ‘लावलें’ म्हणावयाचें होतें, कीं ‘सांगितलें’?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, ‘लावलें’ हेंच बरोबर आहे. मला शाळेंत यायचं होतं.” तिला नेमकें क्रियापद सांपडलें होतें. चुकली होती ती फक्त त्याची सोबत. आणि मीं सोबत सुधारण्याच्या नादांत तिचें म्हणणेंच खोडून टाकलें होतें.

पुढें तिच्या वडिलांची भेट झाली. ते कांहीं निर्दय गृहस्थ नव्हते. “सर, रोवणीला माणसं भेटत नाही. पऱ्हे बांधीत वेळेवर नाही लागले तर वर्षाचं धान जाते. घरचे हात नाही लावले तर कोणाचे लावू?” असें त्यांनीं विचारलें. ह्या प्रश्नाला माझ्या व्याकरणांत उत्तर नव्हतें. परंतु बोलतां बोलतां त्यांनीं कबूल केलें कीं, उरलेल्या रोवणींत मुलीला दुपारनंतर तरी शाळेंत जाऊं द्यावें. ‘मेड’चें ‘लेट’ झालें तें एवढेंच, आणि तेंही अर्ध्या दिवसाचें. पण तेवढें झालें तें एका मुलीनें योग्य क्रियापद लिहिलें म्हणून झालें, हें मी विसरलों नाहीं.

आतां ती चूक कां झाली तें पाहूं. आपण मराठींत ‘राहावयास लावलें’ म्हणतों. ‘राहावयास’ हें ‘राहणें’ ह्या क्रियेचें चतुर्थीचें रूप आहे. बोलण्यांत त्याचें ‘राहायला’ होतें. त्यांतील ‘स’ किंवा ‘ला’ ह्या प्रत्ययाच्या जागीं इंग्रजींत ‘टु’ येतो, हें मुलगी ‘टोल्ड’, ‘आस्क्ट’, ‘वॉन्टेड’ अशा दहा क्रियापदांवरून शिकली होती. तेव्हां ‘लावलें’ ह्याच्या बरोबरही तिनें ‘टु’ आणला. हा निष्काळजीपणा नव्हे. हें तर्कशुद्ध अनुमान आहे. आणि इंग्रजी भाषेचा इतिहास पाहिला तर तें अनुमान तिच्या बाजूचें ठरतें. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत हा ‘टु’ म्हणजे ‘कडे’ अशा अर्थाचें साधें अव्यय होतें, आणि तें क्रियावाचक रूपाच्या चतुर्थीपूर्वीं ठेवीत असत. म्हणजे ‘टु स्टे’ आणि ‘राहावयास’ ह्यांची घडण मुळांत एकाच जातीची आहे. इतकेंच नव्हे, तर ‘मेक’च्या पुढेंही ‘टु’ पूर्वीं सर्रास चालत असे. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पवित्र शास्त्रांतील तेविसावें स्तोत्र काढून पाहा. मेंढपाळाच्या त्या स्तोत्रांत ‘मेक’च्या पुढें ‘टु’ आहे. मी लहानपणापासून तें स्तोत्र इंग्रजींत म्हणत आलों आहें, आणि मुलीच्या अर्जांतील नेमका तोच ‘टु’ मीं तांबड्या शाईनें मारला! आजच्या इंग्रजींत तो चालत नाहीं, म्हणून तो काढणें योग्यच होतें. पण ‘तूं अडाणी आहेस’ अशा थाटानें काढणें योग्य नव्हतें. शिवाय वाक्य कर्मणि झालें कीं हाच ‘टु’ आजही परत येतो: ‘शी वॉज मेड टु स्टे’ हें शुद्ध आहे, आणि तेथें ‘टु’ गाळला तर मात्र चूक होते.

ह्यावरून एक गोष्ट दिसून येते. इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कळला म्हणजे तें क्रियापद आलें असें होत नाहीं. त्याच्या मागोमाग कोण येतें, मनुष्य येतो कीं वस्तु येते, पुढील क्रिया ‘टु’ घेऊन येते, उघडी येते, कीं ‘इंग’ लावून येते, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच तें क्रियापद आलें. ‘मनुष्याची पारख त्याच्या संगतीवरून’ असें आपण म्हणतों; इंग्रजी क्रियापदासही तें लागू आहे.

ह्या संगतीचे मुख्य प्रकार फार नाहींत. पहिला प्रकार ‘टेल’, ‘आस्क’, ‘वॉन्ट’, ‘अलाव’, ‘ॲडव्हाइज’, ‘ऑर्डर’, ‘टीच’ ह्यांचा. ह्यांच्या पुढें मनुष्य, आणि मग ‘टु’सह क्रिया. ह्यांतील ‘वॉन्ट’ आपल्या मुलांना सर्वांत जड जातें, कारण मराठींत ‘त्यानें यावें असें मला वाटतें’ अशीं दोन वाक्यें जोडावीं लागतात. मुलें त्याच घडणीचें ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ असें वाक्य लिहितात. इंग्रज मनुष्य ‘आय वॉन्ट हिम टु कम’ एवढ्यावर भागवितो. मराठींतला कर्ता ‘त्यानें’ हा तेथें ‘हिम’ होऊन कर्माच्या जागीं जाऊन बसतो.

दुसरा प्रकार ‘मेक’ आणि ‘लेट’ ह्यांचा, आणि ‘सी’, ‘हिअर’ ह्या पाहण्याऐकण्याच्या क्रियापदांचा. ह्यांच्या पुढें मनुष्य, आणि मग उघडी क्रिया. ‘हेल्प’च्या बाबतींत ‘टु’ असला तरी चालतें, नसला तरी चालतें. पाहण्याच्या क्रियापदांत एक बारीक भेद आहे. ‘आय सॉ हिम क्रॉस द रिव्हर’ ह्याचा अर्थ, तो नदी पार होऊन पैलतीरीं पोंचला तेथपर्यंत मीं पाहिलें. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रिव्हर’ म्हणजे तो नदी ओलांडीत असतां मला दिसला. पुढें काय झालें हें त्या वाक्यांत नाहीं. पावसाळ्यांत बावनथडीला पूर आलेला असतां ज्याच्या घरचा मनुष्य पलीकडे गेला आहे, त्याला ह्या दोन वाक्यांतला भेद व्याकरणाचा भेद वाटणार नाहीं.

तिसरा प्रकार ‘सजेस्ट’, ‘एक्स्प्लेन’ आणि ‘से’ ह्यांचा. हीं क्रियापदें मनुष्याला थेट हात लावूं देत नाहींत. आपण ‘मला समजावून सांगा’ म्हणतों, म्हणून मुलें ‘एक्स्प्लेन मी’ लिहितात. तेथें ‘एक्स्प्लेन इट टु मी’ असें पाहिजे. ‘त्यानें मला जावयास सुचविलें’ ह्यावरून ‘ही सजेस्टेड मी टु गो’ असें होतें. तें ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ असें पाहिजे. चौथ्या प्रकारांत ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ येतात. त्यांना पुढील क्रिया ‘इंग’ लावूनच हवी असते. आणि ‘स्टॉप’सारखीं कांहीं क्रियापदें अशीं आहेत कीं, सोबत बदलली कीं अर्थच फिरतो. ‘दे स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे त्यांनीं बोलणें थांबविलें. ‘दे स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे ते बोलण्यासाठीं थांबले. एका वाक्यांत वर्ग शांत होतो, दुसऱ्यांत गलबला सुरू होतो!

हे नियम ऐकून कोणी म्हणेल, ‘एवढें लक्षांत ठेवणें आमच्या खेड्यांतील मुलांच्या आवाक्याबाहेरचें आहे.’ माझें म्हणणें नेमकें उलट आहे. हें ज्ञान आपल्या मुलाच्या जिभेवर आधींपासूनच असतें. तें आपल्यापाशीं आहे हें त्याला कोणी दाखवून देत नाहीं. आपला जिल्हा १९५६ सालापर्यंत मध्यप्रदेशांत होता, आणि आजही बालाघाट जिल्हा आपल्या शेजारीं आहे. येथील मूल घरांत झाडीबोली बोलतें, बाजारांत हिंदी बोलतें आणि शाळेंत प्रमाण मराठी लिहितें. तें मूल मराठींत ‘मला जावयास सांगितलें’ म्हणतें, पण ‘मला जावयास दिलें’ म्हणत नाहीं. तेथें ‘मला जाऊं दिलें’ म्हणतें. हिंदींत ‘जाने को कहा’ म्हणतें, पण ‘जाने को दिया’ म्हणत नाहीं. ‘जाने दिया’ म्हणतें. म्हणजे सांगण्याच्या क्रियापदापुढें प्रत्यय येतो आणि ‘देणें’ ह्यापुढें तो गळतो, हा भेद तें दोन भाषांत न शिकवितां पाळतें. इंग्रजींत ‘टोल्ड मी टु गो’ आणि ‘लेट मी गो’ ह्यांतही हुबेहूब हाच भेद आहे. वेगळें पडतें तें एक ‘मेक’. तेवढें एक निराळें सांगितलें कीं झालें.

आणखी एक उदाहरण घ्या. ‘ही टोल्ड मी टु कम’ ह्यांत येणार मी. ‘ही प्रॉमिस्ड मी टु कम’ ह्यांत येणार तो. दोन्ही वाक्यांची घडण बाहेरून सारखी, पण येणारा मनुष्य निराळा. हें मुलाला अवघड वाटेल काय? मुळींच नाहीं. ‘त्यानें मला यावयास सांगितलें’ आणि ‘त्यानें मला येण्याचें वचन दिलें’ ह्या दोन वाक्यांत कोण येणार, हें चौथींतील मूलही न चुकतां सांगेल. मराठींत ज्याची नजर स्थिर झाली, त्याला इंग्रजींतील वाट निम्मी चाललेली असते.

मराठी भाषा परक्यांना किती कठीण जाते ह्याचाही आपल्या मुलांनीं विचार करावा. ‘मीं आंबा खाल्ला’, ‘मीं पोळी खाल्ली’, ‘मीं केळें खाल्लें’. खाणारा एकच, पण क्रियापद वळतें तें खाल्लेल्या वस्तूप्रमाणें. इंग्रजींत असें कांहीं नाहीं, म्हणून परदेशी मनुष्य येथें हटकून अडखळतो. अशा लोकांसाठीं विल्यम केरी ह्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापलें. पुढें १८६८ सालीं रेव्हरंड गणपतराव नवलकर ह्या आपल्याच मराठी ख्रिस्ती गृहस्थांनीं विद्यार्थ्यांसाठीं मराठी व्याकरण इंग्रजींत लिहिलें. मराठी माणसांसाठीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं आणि मोरो केशव दामले ह्यांचें शास्त्रीय व्याकरण १९११ सालीं झालें. जेथें कर्म आणि क्रियापद ह्यांच्या नात्याचा एवढा विचार झाला आहे, त्या भाषेचीं मुलें इंग्रजी क्रियापदांना भिऊन राहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

आपली अडचण आपल्यापुरतीच आहे असेंही नाहीं. जपानांत इंग्रजी शिकविणारे हॉर्नबी ह्यांनाही हेंच दिसून आलें. इंग्रज लोकांसाठीं केलेल्या कोशांत शब्दाचा अर्थ मिळे. पण त्याची सोबत कोणती, हें सांगण्याची तेथें गरजच नव्हती, कारण इंग्रजाला तें आईच्या मांडीवरच कळलेलें असे. म्हणून हॉर्नबींनीं दोन सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठीं निराळा कोश रचला. तो १९४२ सालीं टोकियोंत छापला गेला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तो पुन्हां काढला. त्यांत त्यांनीं क्रियापदांच्या सोबतीचे पंचवीस नमुने ठरवून प्रत्येक क्रियापदापुढें त्याचा नमुना दिला. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठींचा जो कोश आज दुकानांत मिळतो, तो त्याच वंशांतला आहे. तो उघडून केवळ अर्थ पाहणारा विद्यार्थी नारळ फोडून पाणी पितो आणि खोबरें टाकून देतो.

दोन आक्षेपांना उत्तर दिलें पाहिजे. कोणी म्हणतात, ‘भाषा ऐकून ऐकून येते, नियम कशाला?’ ज्या घरांत दिवसभर इंग्रजी कानांवर पडतें, तेथें हें खरें असेल. महाराष्ट्रांत सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जातें, ही चांगली गोष्ट आहे. पण सिहोऱ्यांतील मुलाच्या कानांवर तें पडतें तें दिवसाकाठीं एक तास, आणि त्यांतही अर्धा वेळ मराठी बोलण्यांत जातो. जो ओढा बारा महिने वाहतो त्याला बांध लागत नाहीं. आपल्याकडे पाणी तळ्यांत साठवावें लागतें. नियम हें असें तळें आहे. दुसरे म्हणतात, ‘समजलें म्हणजे झालें, एक ‘टु’ जास्त पडला तर काय बिघडलें?’ ह्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. त्या मुलीच्या अर्जांत कांहींच बिघडलें नव्हतें. बिघाड वाचणाराच्या दृष्टींत होता. परंतु ‘स्टॉप’सारख्या ठिकाणीं अर्थ बिघडतो, आणि मुलाखत घेणारे गृहस्थ आपल्या मुलांचें मन पाहण्यापूर्वीं त्यांचा ‘टु’ पाहतात, हेंही दुर्दैवानें खरें आहे. म्हणून चुका दोन प्रकारच्या मानाव्या. अर्थ फिरविणाऱ्या चुका आधीं सुधाराव्या. केवळ रूढीविरुद्ध असलेल्या चुका मागाहून, आणि हलक्या हातानें.

ह्याकरितां माझ्या तीन सूचना आहेत. विद्यार्थ्यांनीं शब्दार्थाच्या वहींत ‘सजेस्ट म्हणजे सुचविणें’ एवढेंच लिहूं नये. क्रियापद, त्याची सोबत आणि आपल्या गांवाघरचें एक वाक्य, असें तिन्ही मिळून लिहावें. रोज एकच क्रियापद घेतलें तरी वर्षांत पुरेशीं होतात. पालकांनीं मुलांशीं मोडकें इंग्रजी बोलण्याचा खटाटोप करूं नये. घरांत स्वच्छ मराठी बोलावी, मुलाला गोष्ट सांगावयास लावावी आणि त्याची गोष्ट त्याला पुरी करूं द्यावी. आणि आम्हां शिक्षकांनीं तांबडी शाई उचलण्यापूर्वीं वाक्य एकदां शेवटपर्यंत वाचावें.

पेंटेकॉस्टच्या दिवशीं निरनिराळ्या देशांच्या लोकांनीं देवाचीं महत्कृत्यें आपापल्या भाषेंत ऐकिलीं, असें शास्त्रांत सांगितलें आहे. त्या दिवशीं कोणालाही आपली भाषा टाकून दुसऱ्याची घ्यावी लागली नाहीं. आपल्या मुलांनींही इंग्रजी अशीच शिकावी, मराठीचा हात न सोडतां. आणि आपण वडीलधाऱ्यांनीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या मुलांच्या वाक्यांत आपण कोणत्या क्रियापदाचे कर्ते आहों? ‘मेक’चे कीं ‘लेट’चे? रोवणीच्या दिवसांत कधीं कधीं पहिल्यावांचून गत्यंतर नसतें, हें मी आतां जाणतों. पण वर्षाचे उरलेले दिवस दुसऱ्याचे असावे, एवढीच माझी नम्र विनंति आहे.